लिनक्सवर कोसळणारी, विंडोजवर शांत राहणारी डेटाबेस फाइल

आमच्या गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची मी एसक्यूलाइटच्या (सारा डेटाबेस एकाच फाइलमध्ये ठेवणारे सॉफ्टवेअर) एका फाइलमध्ये ठेवली आहे आणि ती वाचणारा एक प्रोग्राम दोन संगणकांवर चालतो. वाचनालयातला संगणक विंडोजचा आहे. माझ्या घरचा लिनक्सचा असून, त्यावर तोच प्रोग्राम रात्री थकीत पुस्तकांची यादी तयार करतो. गेल्या वर्षी लिनक्सवरचा प्रोग्राम आठवड्यातून दोन-तीनदा रात्रीच बंद पडू लागला. विंडोजवर मात्र सारे सुरळीत होते, निदान माझी तशी समजूत होती.

पहिला संशय फाइलवर गेला. एसक्यूलाइटच्या फाइलची रचना सर्व ऑपरेटिंग सिस्टिमवर एकच असते, म्हणून मी लिनक्सवरची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन विंडोजवर उघडली आणि दोन्हीकडे इंटिग्रिटी चेक, म्हणजे फाइल धड आहे का याची तपासणी, चालवली. उत्तर ‘ओके’ असेच आले. मग आवृत्त्या जुळवून पाहिल्या, रॅम तपासली, आणि त्यात तीन संध्याकाळी वाया गेल्या.

खरा धागा हाती लागला तो एक्झिट कोडमुळे, म्हणजे प्रोग्राम बंद पडताना मागे ठेवतो त्या आकड्यामुळे. तो 135 होता, म्हणजे 128 अधिक 7 (सिस्टिमच्या सिग्नलने, म्हणजे इशाऱ्याने, प्रोग्राम बंद पडला की सिग्नलच्या क्रमांकात 128 मिळवलेले दिसतात), आणि माझ्या लिनक्सवर सातव्या क्रमांकाचा सिग्नल म्हणजे बस एरर. नेहमीचा सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीच्या चुकीच्या जागी हात घालण्याचा दोष, असता तर 139 आला असता. मेमरीत मॅप केलेल्या, म्हणजे मेमरीचाच भाग असल्यासारखी वाचता यावी म्हणून जोडलेल्या, फाइलचा एखादा भाग नाहीसा झाल्यानंतर तो वाचायला गेल्यास हा सिग्नल मिळतो, आणि तो एसक्यूलाइटला सावरता येत नाही. हे मॅपिंग एसक्यूलाइटमध्ये सहसा बंद असते. शोधाचा वेग वाढावा म्हणून 256 एमबीची मर्यादा देऊन मीच ते सुरू केले होते.

मग फाइल मध्येच आखूड कोण करत होते? तेही मीच. दुरुस्त केलेली सूची जुन्या फाइलवर ‘सीपी’ने (लिनक्सची कॉपी करण्याची आज्ञा) चढवणारे क्रॉनचे (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी सोय) काम रात्री अडीचला चालत असे, आणि ‘सीपी’ आधी जुन्या फाइलची लांबी शून्यावर आणून मग तिच्यात लिहू लागते. नेमके त्याच वेळी यादीचे वाचन चालू असले की प्रोग्राम कोसळे. एका खिडकीत वाचन आणि दुसरीत ‘सीपी’ फिरवत ठेवल्यावर मिनिटभरात तोच एरर आला.

विंडोज मॅप केलेली फाइल अशी आखूड करू देत नाही. वाचनालयातही अशीच कॉपी माझी बॅच फाइल (आज्ञांची यादी असलेली फाइल) करत असे; ती रोज नाकारली जात होती आणि बॅच फाइल तो एरर मुकाट्याने गिळत होती. “अहो, नवीन दाखल केलेली पुस्तके शोधात येत नाहीत,” असे ग्रंथपाल बाईंनी दोनदा सांगितले होते. मी तो त्यांच्या टंकलेखनाचा दोष मानला होता, त्याबद्दल नंतर त्यांची माफी मागितली.

नुसते मॅपिंग बंद करून पाहिले, तेव्हा बस एरर थांबला, पण अधूनमधून फाइल बिघडल्याचा संदेश येऊ लागला, कारण चालू डेटाबेसवर ‘सीपी’ करणे हीच मूळ चूक होती. अखेर नवी सूची एसक्यूलाइटच्या बॅकअप सोयीने, म्हणजे लॉक (एकाचे काम चालू असताना दुसऱ्याला थांबवणारे कुलूप) पाळून, चालू फाइलमध्ये भरण्याची व्यवस्था केली आणि लॉक न मिळाल्यास थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करायला लावले. हीच पद्धत विंडोजवरही चालते, आणि तिथला एरर आता लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, नोंदला जातो. मॅपिंग मी बंदच ठेवले आहे. 40 एमबीच्या सूचीत त्याचा वेगावर काही फरक जाणवला नाही.