इंटरनेट नसलेलं वायफाय

मागच्या रविवारी भाचीने आमच्या जेवणाच्या टेबलावर पत्त्यांच्या कॅटएवढी एक डबी ठेवली, घरातला राउटर बंद केला आणि म्हणाली, "मावशी, आता मोबाइलवर वायफाय शोध." एक नवंच नाव दिसलं. जोडलं, तर समोर विकिपीडिया, गोष्टींची पुस्तकं, गणिताचे व्हिडिओ. सगळं त्या डबीतल्या मेमरी कार्डावर. आत रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आहे. कार्ड आणि केबल पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातली, तपकीर गल्लीतली.

ही डबी आफ्रिकेतल्या मलावी या देशात, एका खेड्यातल्या शाळेत जाणार आहे. भाचीचा सहकारी तिकडे कामाला निघालाय, तो घेऊन जाईल. कल्पना तिची स्वतःची नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत लॉरा हॉसमन यांनी सोलरस्पेल नावाचा उपक्रम उभा केला. सौर पॅनेल लावलेली अशीच पेटी 2015 पासून वानुआतूसारख्या पॅसिफिकमधल्या बेटांवर आणि पुढे आफ्रिकेतही गेली. वीज नाही, नेट नाही, तरी वर्गातल्या चारदोन मोबाइलवर अख्खं ग्रंथालय उघडतं.

मी ऐकत होते आणि मला आमच्या शाळेची ती खोली आठवत होती. 29 वर्षं मी पुण्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल होते. तिथे 'ई-ग्रंथालय' अशी पाटी लागली, बारा संगणक आले. नेट चार महिने चाललं. मग बिल कोणी भरायचं यावरून ते तुटलं आणि खोलीला कुलूप लागलं. मुलं खिडकीच्या गजांतून आत बघायची. संगणकांवरची कापडी कव्हरं मी दिवाळीला आणि मे महिन्यात धुवायचे. ती खोली मी निवृत्त होईपर्यंत उघडली नाही. मुलांना काय हवं हे तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं, याचा सल आजही आहे.

म्हणून भाचीला पहिला प्रश्न विचारला, "कार्डावर काय काय घातलंस?" तिने किविक्समधून, म्हणजे नेटशिवाय विकिपीडिया वाचू देणाऱ्या ॲपमधून, पूर्ण इंग्रजी विकिपीडिया उतरवून घेतला होता, चित्रांसकट शंभर जीबीच्या आसपास. शिवाय जे जे फुकट मिळालं ते सगळं. आता तिसरीतलं मूल त्यात शोधणार काय? मलावीत पुष्कळ घरांत चिचेवा बोलतात, वरच्या वर्गांत इंग्रजीतून शिकतात. आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. आम्ही तो परीक्षेसाठी पाठ केला होता. कामाला तो खरा या डबीपाशी आला. मलावीतल्या त्या शाळेच्या बाईंना भाचीला निरोप पाठवायला लावला. उत्तर आलं: लहान मुलांसाठी थोड्या ओळींच्या गोष्टी, शरीराच्या अवयवांची मोठी चित्रं आणि मक्यावरच्या किडीची माहिती. मका हे त्यांचं रोजचं अन्न. आम्ही दोघींनी बसून ठरवलं असतं तर कीड सुचलीच नसती.

गोष्टींचा प्रश्न सोपा निघाला. प्रथम बुक्स या प्रकाशनाचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आणि दक्षिण आफ्रिकेतून चालणारं आफ्रिकन स्टोरीबुक, दोन्हीकडच्या गोष्टी मुक्त परवान्याच्या. कोणीही उतरवाव्यात, भाषांतर करावं, वाटाव्यात. आफ्रिकेतल्या गोष्टी मराठीतही आल्या आहेत.

त्यातलीच एक मी आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या मुलीला उघडून दिली. सहावीत आहे. ओट्याशेजारी पाटावर बसून ती ओठ हलवत वाचत होती. पान संपलं की ओला अंगठा फ्रॉकला पुसायची, मगच पडद्यावर लावायची. आईने दोनदा हाक मारली, तिला ऐकू गेलं नाही. गोष्ट संपल्यावर विचारलं, "आजी, यात अजून किती आहेत?"

मला सांगता येईना. भाचीकडेही यादी नव्हती.

त्या संध्याकाळी मी वही आखली, ग्रंथालयात नव्या पुस्तकांची असते त्या दाखल नोंदवहीसारखीच. दाखलअंक, नाव, भाषा, इयत्ता, किती ओळी. आजवर 64 नोंदी झाल्या. 11 गोष्टी काढायला सांगितल्या, त्यांची वाक्यं तिसरीला झेपणारी नाहीत. सहकारी 20 तारखेला निघतो, तोवर शंभर पूर्ण करायच्या आहेत. यादीची एक छापील प्रत डबीबरोबर जाईल, तिथल्या बाईंसाठी, शेवटची दहा पानं कोरी ठेवून.