वळवाच्या आधी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग दाटतात, विजा चमकायला लागतात, आणि नेमकं त्याच दिवसांत घराचं अर्थिंग वर्षातलं सगळ्यात कमकुवत असतं. जमीन खोलवर वाळलेली असते आणि वाळलेली माती करंट सहज जाऊ देत नाही. काळ्या मातीत तर भेगा पडतात, माती खड्ड्यात पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपपासून सुटते आणि पाइप पोकळीत उभा राहतो. जांभ्यावर किंवा मुरमाखाली कातळ असेल तिथे पावसाळ्यातही रेझिस्टन्स मनासारखा खाली येत नाही. म्हणून सर्ज प्रोटेक्टर (सर्ज म्हणजे व्होल्टेजची क्षणभराची उसळी) आणायच्या आधी खड्डा बघा. झाकण उघडा, क्लॅम्पचे नट-बोल्ट गंजलेत का पाहा, तार हलवून बघा आणि मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता.

अर्थिंग तपासायला सर्रास फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॅटचा बल्ब लावला जातो. बल्ब पेटला की काम झालं! पण पेटलेल्या बल्बचा स्वतःचाच रेझिस्टन्स ५३० ओहमच्या आसपास असतो. खड्ड्याचा ५० ओहम असला तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो. त्याच खड्ड्यावर एखाद्या उपकरणाची बॉडी शॉर्ट झाली, तर करंट जेमतेम साडेचार अँपियर, म्हणजे १६ अँपियरचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) ढिम्म. बल्बवरून तार तुटलेली नाही एवढंच कळतं. खरं मोजमाप जमिनीत खुंट्या ठोकून अर्थ टेस्टरनेच होतं, तेही मे महिन्यात करावं. घरासाठी ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम. नवा खड्डा करायचा तर आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे जीआय पाइप आतून किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि किमान अडीच मीटर लांब हवा. दीड मीटरवर काम उरकू देऊ नका.

आता स्पाइक गार्ड, म्हणजे सर्ज थोपवण्यासाठी विकली जाणारी एक्स्टेंशन पट्टी. आत एमओव्ही नावाची १४ किंवा २० मिलिमीटरची चकती असते, बहुतेकदा निळी. नेहमीच्या व्होल्टेजला ती गप्प असते, व्होल्टेज फार चढलं की क्षणात वाहायला लागते. २७५ व्होल्टची, २० मिलिमीटरची चकती १०० अँपियरच्या सर्जला साधारण ७१० व्होल्टवर दाबून धरते. पण दाबलेला करंट कुठेतरी जायला हवा. अर्थची पिन रिकामी असेल तर फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ या चकत्या नुसत्या शोभेच्या. शिवाय प्रत्येक झटक्यागणिक चकती थोडी झिजते. बाजारातल्या कित्येक ‘स्पाइक गार्ड’मध्ये चकतीच नसते, फक्त बटण आणि फ्यूज. स्टॅबिलायझरचा तर इथे संबंधच नाही: त्याच्या रिलेला हलायला काही मिलिसेकंद लागतात आणि सर्ज मायक्रोसेकंदांत संपलेला असतो.

सर्ज अडवायची चांगली जागा मेन डीबीमध्ये, म्हणजे घराच्या मुख्य स्विचच्या पेटीत आहे. तिथे टाइप २ एसपीडी (पेटीत बसणारा सर्ज प्रोटेक्टर) बसवा: ३२० व्होल्ट रेटिंग, २० किलोअँपियर नॉमिनल, ४० किलोअँपियर कमाल. सिंगल फेजला १+१ जोडणीचा घ्या, म्हणजे फेज-न्यूट्रलमध्ये एमओव्ही आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅस ट्यूब. तो मेन स्विचनंतर पण आरसीसीबीच्या (करंटची गळती झाली की पडणाऱ्या स्विचच्या) आधी बसवायचा, नाहीतर सर्जचा करंट आरसीसीबीतून जातो. इलेक्ट्रिशियनचं हमखास चुकतं ते तारेच्या लांबीत. फेजपासून एसपीडी आणि एसपीडीपासून अर्थ बार मिळून तार अर्ध्या मीटरच्या आत हवी, ६ स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची, सरळ, वेटोळं न करता. १० किलोअँपियरच्या सर्जला मीटरभर तारेतच हजार-बाराशे व्होल्ट पडतात आणि ते थेट तुमच्या टीव्हीच्या वाट्याला येतात. एसपीडीची खिडकी हिरवी असेपर्यंत ठीक, लाल झाली की कार्ट्रिज बदला.

एवढं करूनही राउटर जळतो, कारण आकाशातली वीज फक्त लाइटच्या तारेने येत नाही. गच्चीवरची डिश, अंगणातला सीसीटीव्ही, शेजारच्या गच्चीवरून आणलेली इंटरनेटची लॅन केबल, या सगळ्या तांब्याच्या वाटा आहेत. जवळपास वीज पडली की दोन तारांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक उपकरणातून भरून निघतो. टीव्हीचा पॉवर सप्लाय शाबूत पण एचडीएमआय पोर्ट मेलेला, असं दिसलं की समजावं, वाट केबलची होती. फायबर घेतलं तर हा प्रश्न बराचसा मिटतो. मात्र खांबावरून घरात येणाऱ्या फायबरच्या ड्रॉप केबलमधली आधाराची पोलादी तार घरात आणू नका, भिंतीबाहेरच तोडून वेगळी करा.

याच कारणाने ‘कॉम्प्युटरसाठी वेगळं अर्थिंग’ हा सल्ला घातक आहे. ५ किलोअँपियर करंट १० ओहमच्या खड्ड्यात उतरला तर तो खड्डा काही क्षण ५० हजार व्होल्टवर चढतो. दुसरा खड्डा मात्र होता तिथेच. मध्ये सापडतं ते उपकरण. खड्डे दोन असोत की चार, जमिनीखालून एकमेकांना जोडलेले हवेत. डिशचा स्टँड आणि गच्चीवरच्या लाइटनिंग अरेस्टरची पट्टीही त्यांनाच. अरेस्टर इमारत वाचवतो, टीव्ही नाही.

वादळात आणखी एक घात होतो आणि लोक तोही विजेच्या नावावर घालतात. डीपीवरचा (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल सुटला की ज्या घरात लोड कमी, तिथे २३० च्या जागी ३५०-४०० व्होल्ट येतात. हे मायक्रोसेकंदांचं काम नाही, मिनिटं-मिनिटं चालतं, आणि एमओव्ही त्यात भाजून निघतो. त्यासाठी वेगळा ओव्हर-व्होल्टेज रिले हवा: २७० व्होल्टला तोडणारा आणि लाइट आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून जोडणारा. फ्रिजच्या कॉम्प्रेसरलाही तो उसंत देतो.

घराजवळच वीज कोसळली तर यातल्या कशाचीच खात्री नाही. तिथे प्लग काढणंच खरं. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण ते फक्त फेज तोडतं, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, जवळच्या विजांचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा. ते नसेल तर लखलखाटापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर केबलींना हात लावायची वेळ टळून गेली. त्याआधी काढायचं असेल तर पॉवरच्या प्लगबरोबर डिशची आणि लॅनची केबलही काढा, आणि सुटी टोकं उपकरणापासून हातभर लांब ठेवा.