वायफायची पावर कमी केली तेव्हा वैनीचा व्हिडिओ कॉल चालला (माझा अनुभव)

दादाचं घर बेळगावात वडगावला. खाली पुढच्या खोलीत दोन पावरलूम, मागे स्वयंपाकघर, आणि वर माडीवर वैनी साड्या दाखवते, म्हणजे व्हिडिओ कॉलवर. गिऱ्हाईक कधी कोल्हापूरचं कधी पुण्याचं, पदर कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकायचं, जरीचे नुसते चौकोन दिसायचे. समोरची बाई म्हणायची रंग कळेना ताई, नंतर फोन करते, आणि तो फोन काय परत यायचा नाही. मला हे बघून खरंच वाईट वाटायचं.

"भावोजी, रेंज फुल दाखवूलालंय की, मग अडकूलालंय कशाला?"

खाली कंपनीचा राउटर होता, वर मी ऍक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा दुसरा डबा, आणून केबल ओढून दिलेली. लाईन जोडायला आलेला पोरगा कन्नडमधून समजावून गेला होता की सगळं ऑटोवर आहे, हात लावायचा नाही. दादा म्हणाला पावर फुल कर की. मी केली, आणि उलट जास्त बिघडलं.

मग एका रविवारी, माग बंद होते, फोनवर वायफाय तपासायचं ॲप घेऊन माडीवर बसलो. गल्लीत घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळं १९ नेटवर्क दिसले. आमचे दोन्ही डबे २.४ गिगाहर्ट्झवर, दोन्ही ६ नंबरच्या चॅनेलवर आणि रुंदी ४० मेगाहर्ट्झ. इथं एक गोष्ट नीट कळली पाहिजे, चॅनेल ५-५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत पण एकेक सिग्नल कमीत कमी जवळपास २० मेगाहर्ट्झ जागा खातो (रुंदी म्हणजे हीच जागा), म्हणून एकमेकांना न लागणारे चॅनेल तीनच बसतात, १, ६ आणि ११. रिकामा दिसतोय म्हणून ४ किंवा ८ घेतला तर आणखी वाईट, कारण एकाच चॅनेलवरचे डबे एकमेकांचं ऐकून थांबतात तरी, अर्धवट लागलेल्याला तो नुसता गोंगाट वाटतो. आपल्याकडे १३ पर्यंत चॅनेल मिळतात, पण १३ घेतला की तो ११ वाल्यांवर चढतोच. म्हणून खाली ६, वर ११, रुंदी दोन्हीकडं २०.

आता पावर. याचं उत्तर मला माग चालू असताना मिळालं. दादा खालून बोंब मारतो ती वर ऐकू येते, पण वैनी वरून हळू आवाजात बोलली तर मागाच्या खडखडाटात दादाला काय कळत नाही. वायफायचं तसंच. डबा मोठ्यानं बोलतो, फोनमध्ये रेंज फुल दिसते, पण फोनचा रेडिओ, म्हणजे सिग्नल सोडणारा भाग, बारका, त्याचं बोलणं डब्यापर्यंत धड पोचत नाही, आणि व्हिडिओ तर फोनकडूनच जायचा असतो ना! शिवाय खालचा डबा एवढ्या जोरात ऐकू येतो की फोन माडीवर गेला तरी त्यालाच धरून बसतो, डोक्यावरचा डबा सोडून. म्हणून २.४ वर पावर २० डीबीएमवरून (हे पावरचं माप) १४ केली. ३ डीबी कमी म्हणजे पावर निम्मी, तर १०० मिलिवॅटची २५ झाली.

डब्यांत ५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा पण होता, त्यावर मात्र माझा दीड तास गेला. वरच्या डब्याला ५२ नंबरचा चॅनेल दिला, सेव्ह केलं आणि नेटवर्क गायबच. मी घाबरून रिसेटचं बटण दाबलं, सगळं पुसलं, परत पहिल्यापासून. नंतर कळलं की ५२ पासून पुढच्या बऱ्याच चॅनेलवर रडार चालतात, म्हणून डबा आधी ६० सेकंद गप्प राहून ऐकतो आणि मगच सुरू होतो. थांबायचं होतं नुसतं. तुम्ही केलंत तर रिसेटला हात लावायच्या आधी एक-दोन मिनिटं थांबा. मी पुढं खाली ३६ आणि वर १४९ ठेवला, रुंदी ४०. १४९ सुरुवातीला यादीत दिसेना, कारण रिसेटनंतर देशाच्या जागी दुसराच देश आला होता, इंडिया निवडल्यावर आला. तो देश बरोबर निवडणं महत्त्वाचं, कुठले चॅनेल आणि किती पावर हे सगळं त्यावरच ठरतं.

नाव आणि पासवर्ड दोन्ही डब्यांना एकच. कमी सिग्नलवाल्याला तोडायचं सेटिंग मी उणे ७० डीबीएमवर ठेवलेलं (उणे आकडा मोठा तेवढा सिग्नल कमजोर), तर मागच्या दारी तुळशीपाशी बसणाऱ्या आईचा फोन सारखा तुटायला लागला, ते उणे ८० केलं.

सोमवारी माग चालू असताना वैनीनं कॉल लावला, बावीस मिनिटं, काठाची नक्षी सुद्धा नीट दिसली म्हणे, दोन साड्या गेल्या.

शेजारच्या काकांचा डबा ९ वर होता, आमच्या ६ ला पण लागायचा आणि ११ ला पण. संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो, चहा झाला, त्यांचा १ करून दिला. दोन दिवसांनी काका दारातून म्हणाले, "आमचं पण बरं चालूलालंय रे, त्या पलीकडच्या घरातलं पण बघ की जरा."