टी-व्हेक: विषाणूचं औषध करताना काय कापलं आणि काय मुद्दाम राखलं

कर्करोगाच्या गाठीत जिवंत विषाणू टोचायचा म्हटलं की पहिली शंका येते ती हीच: तो गाठीपुरताच राहील कशावरून? या शंकेचा सगळ्यात कसून विचार झालेलं औषध म्हणजे टी-व्हेक, पूर्ण नाव टॅलिमोजीन लाहरपारेपव्हेक. २७ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेने) त्याला मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. ऑपरेशननंतर पुन्हा उलटलेल्या मेलानोमाच्या त्वचेतल्या, त्वचेखालच्या किंवा लसिकाग्रंथींतल्या गाठींत ते थेट टोचतात.

मूळ विषाणू हर्पीस सिम्प्लेक्स टाइप १, म्हणजे ओठाच्या कडेला पाणीदार फोड आणणारा. नागिणीचा विषाणू वेगळा. वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत वाढवलेला वाण न घेता ओठावरच्या फोडातून नव्याने मिळवलेला वाण निवडला, कारण तो कर्करोगाच्या पेशी जास्त जोमाने मारत होता.

या विषाणूची खरी भीती मेंदूची. त्यामुळे पहिली कात्री चालली ती आयसीपी ३४.५ या जनुकावर. विषाणू पेशीत शिरला की पेशीतलं पीकेआर हे प्रथिन जागं होतं आणि प्रथिनं बनवण्याचं सगळं काम थांबवतं. पेशी स्वतःचं नुकसान सोसते, पण विषाणूलाही वाढू देत नाही. आयसीपी ३४.५ ही बंदी उठवतं. ते काढलं की निरोगी पेशीत, चेतापेशीतसुद्धा, विषाणू अडकून पडतो. अनेक कर्करोगपेशींत मात्र पीकेआर आणि इंटरफेरॉन (विषाणू आल्याचा इशारा देणारं प्रथिन) यांची ही यंत्रणा आधीच मोडलेली असते, म्हणून तिथे तो वाढतो. या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि दोन्ही काढाव्या लागतात. जनुकातलं नुसतं एखादं अक्षर बदललेलं असेल तर ते पुन्हा पूर्ववत होऊ शकतं. अख्खं जनुकच गेलं की विषाणूला ते आपोआप परत मिळवता येत नाही.

या कापण्याची किंमतही आहे. असा विषाणू गाठीतही मंदावतो. त्यावरचा उपाय मला या सगळ्या रचनेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. आयसीपी ४७ हे दुसरं जनुक काढलं. ते बाधित पेशीला आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडू देत नाही. ते गेलं की टी-पेशींना, म्हणजे बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशींना, ती पेशी दिसू लागते. शिवाय ते काढल्यामुळे शेजारचं यूएस ११ हे जनुक नेहमीपेक्षा लवकर चालू होतं आणि पीकेआरला थोडं दाबून गाठीतली वाढ भरून काढतं.

आयसीपी ३४.५ च्या दोन्ही रिकाम्या जागी माणसाचं जीएम-सीएसएफ जनुक बसवलं. त्यातून बनणारं प्रथिन डेंड्रिटिक पेशींना गाठीकडे ओढतं, फुटलेल्या गाठीचा माल त्या उचलतात आणि टी-पेशींना दाखवतात. जागेची निवडही विचारपूर्वक आहे. रुग्णाच्या अंगात आधीपासून असलेल्या साध्या हर्पीसशी जनुकांची अदलाबदल होऊन आयसीपी ३४.५ परत आलंच, तर त्याच जागेवरचं जीएम-सीएसएफ निघून जातं. दोन्ही एकत्र असलेला विषाणू तयार होत नाही.

आणि एक जनुक मुद्दाम राखलं: थायमिडिन कायनेज. १९९१ मध्ये रॉबर्ट मार्टुझा यांच्या गटाने मेंदूच्या गाठींवर तपासलेल्या हर्पीसमधून नेमकं हेच जनुक काढलेलं होतं. पण असायक्लोव्हिर हे हर्पीसवरचं औषध काम करतं ते या जनुकाच्या जोरावर. ते नसेल तर विषाणू हाताबाहेर गेल्यावर नेहमीचं औषध चालत नाही. टी-व्हेकवर असायक्लोव्हिर चालतं. याची दुसरी बाजू अशी की रुग्ण दुसऱ्या कारणासाठी ते घेत असेल तर उपचाराचाच परिणाम कमी होऊ शकतो.

डोसची आखणीही सुरक्षिततेसाठीच. पहिला डोस मिलिलिटरला १० लाख पीएफयू (पेशींना बाधा करू शकणाऱ्या विषाणूंची मोजणी) इतका हलका, तीन आठवड्यांनी मिलिलिटरला १० कोटींचा, मग दर दोन आठवड्यांनी तोच. ज्यांना हर्पीस कधी झालेलाच नाही त्यांच्यात पहिल्या डोसने प्रतिपिंडं तयार होतात. एकदम मोठा डोस दिला तर त्यांना जोराचा ताप-थंडी येते. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठीला ४ मिलिलिटरपर्यंत, अडीच ते पाचला २, दीड ते अडीचला १, अर्धा ते दीडला अर्धा आणि त्याहून लहान गाठीला ०.१ मिलिलिटर. एका भेटीत सगळ्या गाठी मिळून ४ मिलिलिटरच्या वर जायचं नाही.

औषध उणे ७० ते उणे ९० अंशांत ठेवतात. वितळवायचं ते खोलीच्या तापमानाला, साधारण अर्ध्या तासात. बाटली हलकेच गोल फिरवायची, खळखळून हलवायची नाही, आणि एकदा वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही. बधिर करायचं इंजेक्शन गाठीभोवती द्यायचं, गाठीत नाही. सुई एकाच छिद्रातून आत घालून पंख्यासारखी वेगवेगळ्या दिशांना फिरवायची. ती पूर्ण बाहेर आली की नवी घ्यायची. नंतर निदान ३० सेकंद दाबून धरायचं, स्पिरिटने पुसायचं, हातमोजे बदलायचे आणि हवाबंद ड्रेसिंग लावायचं. ते ड्रेसिंग निदान आठवडाभर हवं आणि घरी बदलणाऱ्यानेही हातमोजे घालायचे. जखम खाजवून तोच हात डोळ्याला लावणं इथे खरोखर धोक्याचं. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना हे औषध देत नाहीत. अशा परिचारिकेने किंवा डॉक्टरने ते हाताळूही नये.

उपचार सुरू झाल्यावर घाईने निर्णय घेण्याचा मोह टाळावा लागतो. ४३६ रुग्णांच्या ऑप्टिम चाचणीत टिकाऊ (निदान सहा महिने टिकलेला) प्रतिसाद मिळालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या गाठी आधी वाढल्या होत्या किंवा नव्या दिसल्या होत्या. टिकाऊ प्रतिसादाचं प्रमाण १६.३ टक्के होतं, तुलनेच्या गटात २.१. टोचलेल्या गाठींपैकी ६४ टक्के निम्म्याहून लहान झाल्या. न टोचलेल्या पण पोटा-छातीतल्या अवयवांबाहेरच्या गाठींत हे प्रमाण ३४ टक्के, आणि अवयवांतल्या गाठींत १५. म्हणजे सुरक्षितता साधली, पण दूरवरचा परिणाम अजून तोकडा आहे. टी-पेशींवरचा लगाम सैल करणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाची जोड देऊनही मेलानोमाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत फायदा सिद्ध झाला नाही.

आपल्याकडे मेलानोमा विरळा आणि तोंडाचे कर्करोग फार, त्यामुळे तिथे हे चालेल का, असं वाटणं साहजिक आहे. डोकं-मानेच्या उलटलेल्या कर्करोगात ३६ रुग्णांवर हीच जोडी वापरून पाहिली गेली. पक्का ठरलेला प्रतिसाद १३.९ टक्क्यांना मिळाला आणि एका रुग्णाचा टी-व्हेकशी संबंधित धमनीच्या रक्तस्रावाने मृत्यू झाला. मानेतली गाठ मोठ्या रक्तवाहिनीला भिडलेली असेल, तर ती झपाट्याने गळून पडणं हाच धोका ठरू शकतो, आणि विषाणूतलं कोणतंही जनुक कापून तो टळत नाही. तिथे इंजेक्शनच्या आधी स्कॅनवर गाठ आणि धमनी यांच्यातलं अंतर पाहावं लागतं.