टेशनाचं रान

"तुमच्या गावावरून रेल्वे जाते, स्टेशनाची इमारतही उभी आहे, मग गाडी थांबत का नाही?" सोलापुरात आमच्या ऑफिसात नवीन माणूस आला की हा प्रश्न ठरलेला. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आत्ता जाते ती गाडी वेगळी. आमचं स्टेशन बार्शी लाईटचं, म्हणजे जुन्या अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीचं. बार्शी ही कापसाची, धान्याची जुनी पेठ, पण मोठी लाईन गेली कुर्डुवाडीवरून. तिथल्या स्टेशनाचं नावच तेव्हा 'बार्शी रोड' होतं, आणि माल तिथवर बैलगाड्यांनी न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने मधे अडीच फुटी रूळ टाकले आणि १८९७ साली छोटी गाडी सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर करत १९२७ पर्यंत मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारने ती घेतली.

गाडीच्या चालीवर सगळे हसतात. पुढच्या डब्यातून उतरायचं, बोरं वेचायची आणि मागच्या डब्यात चढायचं, हे आमच्याकडे प्रत्येकाचा आजा करून आलेला असतो. माझाही. पण त्या संथपणात हिशेब होता. इंजिन असो की वाघीण, चाकांच्या कुठल्याही जोडीवर ५ टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा कॅलथ्रॉपचा नियम. मग एक यार्ड लांबीला ३० पौंड वजन भरणारे हलके रूळ पुरतात, पूलही हलके चालतात. रूळ अरुंद, त्यामुळे गाडी कमी जागेत वळते. टेकाड आलं की फोडत बसायचं नाही, वळसा घालायचा. अशाच एका वळशावर आमचं गाव होतं, म्हणून स्टेशन मिळालं. कुणी अर्जबिर्ज केला नव्हता.

२००८ साली इथे रुंद रुळांची ब्रॉडगेज आली. मोठ्या गाडीला तसली वळणं झेपत नाहीत. लाईन सरळ करताना आमचा वळसा कापला गेला आणि नवे रूळ ओढ्यापलीकडून गेले. पुढाऱ्यांनी जोर लावला नाही, असं गावात अजून म्हणतात. मला ते पटत नाही. शेवटच्या वर्षांत फलाटावर दोन-तीन माणसं दिसायची. बाकीचे वेशीत येणाऱ्या एसटीने कधीच बार्शीला पोचलेले असायचे. मीसुद्धा.

आता तिकीटघरात कडबा भरलेला असतो. जुन्या रुळांच्या भरावावरून उसाचे ट्रॅक्टर जातात. पावसाळ्यात गावातली तेवढीच एक वाट चिखलाची होत नाही. आई मात्र गड्याला अजूनही सांगते, "लाईनीपलीकडं टेशनाच्या रानात पाणी सोड." नवा गडी ओढ्याकडे जातो, खऱ्या रुळांपर्यंत, आणि तासाभराने विचारायला परत येतो.

यायचं असेल तर बार्शीला उतरा. मी मोटारसायकल घेऊन येतो.