वाकळीवरचा हिरवा उजेड

उदगीरच्या माझ्या दवाखान्यात मांजर क्वचितच येतं. देवणी गायी, लालकंधारी बैल, उस्मानाबादी शेळ्या, हाच रोजचा राबता. मे महिन्यातल्या त्या दुपारी एक मावशी बाजाराच्या पिशवीतून मांजर घेऊन आल्या. सोबत सात-आठ वर्षांची नात. तिच्या मानेवर रुपयाएवढं लालसर कडं होतं, ते मला मांजराच्या आधी दिसलं.

"मांजरीला गजकर्ण झालंय सायेब. लेकराला बी तिच्यापासूनच लागलं. रात्री फिनेल चोळलं बगा, गोठ्यात टाकतो त्येच. सकाळपासून लाळ गाळायली."

पिशवीची तोंडं उघडली आणि काळ्या फिनेलचा उग्र भपकारा आला. मांजर थरथरत होती, अंग गार पडलेलं. गजकर्ण बाजूलाच राहिलं. फिनॉलच्या जातीच्या विषाला माणसाचं यकृत ज्या रीतीनं निष्प्रभ करतं, ती रीत मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. शिवाय मांजर अंग चाटून साफ करतं, म्हणजे कातडीवर लावलेलं सगळं पोटातही जातं. गायी-म्हशीला चाललं म्हणून मांजराला चालेल, असं कधीच धरू नये. मावशींनी लेकराच्या काळजीपोटी केलं होतं, रागवायला मला तोंडच नव्हतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे थेंब टाकून मांजरीला तीनदा धुतलं, कोरडी केली, टॉवेलात गुंडाळून सलाईन लावली. पाच वाजायच्या सुमारास तिनं मान वर केली आणि मावशींचा आवाज आला तिकडे पाहिलं. तेव्हा कुठं माझा जीव खाली बसला.

मग कातडी पाहिली. कानामागं आणि पुढच्या पायावर केस तुटून गोल चट्टे पडलेले, त्यावर राखेसारखा कोंडा. गोल चट्टा म्हणजे गजकर्णाची बुरशीच, असं मी नुसत्या नजरेनं ठरवत नाही. गोचीड, खरूज, पिसवांची ॲलर्जी यांतही केस असेच जातात. खिडक्यांवर पोती टाकून खोली अंधारी केली, डोळे सरावेपर्यंत थांबलो आणि वुड्स लॅम्प, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, लावला. कोंडा आणि मलमसुद्धा या दिव्यात चमकतं, म्हणून चमक केसाच्या काडीतच आहे का हे पाहावं लागतं. ती होती. तुटक्या केसांच्या बुंध्याशी कच्च्या सफरचंदासारखा हिरवा उजेड. तेच केस उपटून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर काडीभोवती बुरशीच्या बारीक गोल बीजाणूंचं आवरण. दिव्यात काही चमकलं नाही म्हणून बुरशी नाही, असं मात्र होत नाही. काही जातींच्या बुरशा चमकतच नाहीत. म्हणून नव्या टूथब्रशनं सगळं अंग विंचरून तो ब्रश कल्चरच्या माध्यमावर, म्हणजे बुरशी उगवून पाहायच्या थरावर, टेकवला.

"तिला लांब शेतात नेऊन सोडू का?" मावशींनी हळूच विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. पिशवीच्या तळाशी मांजरीखाली अंथरलेला वाकळीचा तुकडा होता, तो टेबलावर पसरून दिवा फिरवला. धागे निळसर पांढरे उजळले आणि त्यांच्या मधेमधे बारीक हिरवे केस. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. "ह्याच वाकळीवर निजते की ओ पोरगी."

गळलेल्या केसांतले बीजाणू घरात वर्षभराहून जास्त तग धरतात. मांजर सोडली तरी घर तसंच राहणार, आणि ती जाईल तिथं रोग नेणार. तिला एका खोलीत ठेवायचं, खोली रोज झाडून केस उचलायचे, फरशी साबणानं घासायची, वाकळ भरपूर पाण्यात दोनदा धुऊन उन्हात कडक वाळवायची. हे सांगताना माझी जीभ अडखळली. त्यांच्या गावात आठवड्याला एक टँकर. २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलेला हा लातूर जिल्हा. इथं मे महिन्यात वाकळ दोनदा धुवा म्हणणं सोपं नाही.

नातीला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मेडिकलमधून आणलेलं मलम पिशवीतच होतं, स्टेरॉईड मिसळलेलं. त्यानं खाज थांबते, लाली उतरते आणि बुरशी आत पसरत राहते.

मांजरीला गोळ्या-औषध मी लगेच सुरू केलं नाही. फिनेलनं यकृताला किती मार बसला हे आधी कळायला हवं होतं. चार दिवसांनी रक्ततपासणी ठीक आली, ती गाभण नाही याचीही खात्री केली, कारण गाभण मांजरीला हे औषध देत नाहीत. मग इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं पातळ औषध, किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ३ किलोच्या मांजरीला रोज १५ मिलिग्रॅम. एक आठवडा द्यायचं, एक आठवडा बंद, असे तीन फेरे. कातडीची आग शमल्यावर आठवड्यातून दोनदा मायकोनॅझोल-क्लोरहेक्सिडीनच्या शाम्पूनं अंघोळ, दहा मिनिटं फेस अंगावर ठेवून. सहाव्या दिवशी कल्चरवर पांढरी लोकर उगवली आणि त्याच वेळी खालचं माध्यम लाल झालं. सूक्ष्मदर्शकाखाली जाड भिंतीचे, चातीसारखे बीजाणू. मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची बुरशी. नावात कुत्रा असला तरी हिचं खरं घर मांजर.

चौथ्या आठवड्यात चट्ट्यांवर मऊ केस आले. "बरी झाली की," मावशी म्हणाल्या. औषधाचा खर्च त्यांना जड जात होता, मला दिसत होतं. पण टूथब्रशवरून पुन्हा दोन वसाहती उगवल्या होत्या. मी कल्चरची बाटलीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि पुढचं औषध नेलं.

जुलैच्या शेवटी लागोपाठ दुसरं कल्चर कोरं निघालं. त्या दिवशी मावशी न सांगता आख्खी वाकळ घडी करून घेऊन आल्या. पाऊस सुरू झाल्यावर पागोळ्यांखाली पातेली लावून धुतली होती. नातीनं स्वतः दिवा धरला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. निळसर पांढऱ्या धाग्यांखेरीज काहीच उजळलं नाही.