चॅपलमधले घर आणि एका भिंतीची परवानगी

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर परगण्यातल्या एका खेड्यात आम्ही राहतो, ते घर मुळात चौदाव्या शतकातले चॅपल आहे. मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना व्हाव्यात म्हणून धनिकांनी बांधलेली अशी चॅपले १५४७ च्या कायद्याने बंद झाली आणि त्यांची मालमत्ता राजाकडे गेली. पुढे त्यांतली काही पडली, काहींची धान्याची कोठारे झाली, तर काहींत माणसे राहू लागली. आमच्या चॅपलची आज तीन घरे आहेत. मध्येच मजला घातल्यामुळे पूर्वेकडच्या उंच खिडकीचा खालचा भाग आमच्या बैठकीत आला आहे, आणि तिच्या कमानीतली दगडी नक्षी वरच्या खोलीत गुडघ्याच्या उंचीवर सुरू होते. स्वयंपाकघराच्या भिंतीत कोनाड्यासारखे एक लहान दगडी पात्र आहे. पूजेची भांडी धुतलेले पाणी पाद्री त्यात ओतत असत. त्यात आम्ही काहीही ठेवत नाही.

घर घेतल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात दक्षिणेकडची भिंत आतून ओलावली, रंगाचे पोपडे निघाले आणि खाली पांढरा लोणा धरला. पाहणी करणाऱ्या वास्तुतज्ज्ञांनी कारण लगेच सांगितले: आधीच्या मालकांनी बाहेरून दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्या होत्या, त्यामुळे भिंतीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. साताऱ्याकडच्या आमच्या आजोळच्या वाड्यात परसात चुना मळायच्या घाण्याचे दगडी चाक पडलेले असे, म्हणून चुन्याची भिंत ओल घेते तशी सोडतेही, हे मला नवीन नव्हते. नवीन होते ते हे, की ते सिमेंट विनापरवाना भरले गेले होते आणि आमच्या वकिलांनी खरेदीच्या वेळी ही बाब तपासलीच नव्हती. १९९० च्या कायद्यानुसार आमच्या चॅपलसारख्या संरक्षित इमारतीचे स्वरूप बदलणारे काम स्थानिक परिषदेच्या परवानगीशिवाय करणे हा गुन्हा आहे. गुन्हा करणाऱ्याचा असला, तरी ते काम निस्तरण्याची नोटीस आजच्या मालकावर निघू शकते आणि तिला काळाची मर्यादा नाही.

परवानगीच्या अर्जाला शुल्क नसते. खर्च होतो तो नकाशांवर आणि इमारतीचे ऐतिहासिक महत्त्व सांगणाऱ्या निवेदनावर. आमचा पहिला अर्ज अपुरा म्हणून परत आला, कारण ‘सिमेंट काढून चुना भरणे’ एवढेच आम्ही लिहिले होते. कसे काढणार आणि कोणता चुना भरणार, हे लिहिले नव्हते. तेव्हा मला राग आला होता, पण परिषदेच्या वारसा अधिकारी बाईंनी भिंतीपाशी उभे राहून समजावले, की विजेच्या कटरने दगडाच्या कडा उडतात आणि एकदा रुंद झालेली दर्ज पुन्हा अरुंद होत नाही. याच परगण्यात डीअरहर्स्ट येथे १०५६ साली बांधलेले ओडाचे चॅपल शेकडो वर्षे एका शेतघरात दडलेले होते आणि १८८५ मध्ये दुरुस्ती चालू असताना उघडकीस आले, याची आठवणही त्यांनी करून दिली. आमच्या गिलाव्यामागे काय असेल, या विचाराने मी त्यानंतर एकही खिळा ठोकलेला नाही.

दुसऱ्या अर्जासोबत आम्ही भिंतीवर एक चौरस मीटरचा नमुना करून दाखवला. इमारत ‘ग्रेड टू स्टार’, म्हणजे संरक्षित इमारतींच्या तीन श्रेणींतल्या मधल्या श्रेणीची, असल्याने हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेलाही कळवावे लागते. कायद्याने ठरवलेल्या ८ आठवड्यांऐवजी आम्हाला १४ लागले. एवढ्यात थंडी आली आणि पारा ५ अंशांखाली गेला की चुन्याचे काम करता येत नाही, म्हणून गवंडी एप्रिलमध्येच येऊ शकला. नव्या घराच्या बांधकामावर शून्य दराने व्हॅट आणि सातशे वर्षांच्या भिंतीच्या दुरुस्तीवर मात्र २० टक्के, हे मला आजही अन्यायाचे वाटते. जुने टिकवणाऱ्यावर हा भार नसावा.

गवंड्याने छिन्नी-हातोडीने, दिवसाला जेमतेम दोन चौरस मीटर या गतीने, सिमेंट काढले, दर्जा चुना आणि जाड वाळूने भरल्या आणि वारा-उन्हाने त्या एकदम सुकू नयेत म्हणून भिंतीवर ओले गोणपाट टांगले. रोज सकाळ-संध्याकाळ ते भिजवण्याचे काम मी स्वतः केले. पुढच्या हिवाळ्यात लोणा फक्त कोपऱ्यात दिसला. पलीकडच्या घरातल्या शेजारीणबाई आता आपल्या बाजूच्या भिंतीसाठी अर्ज करत आहेत. अधिकाऱ्यांना दाखवायला आमचा नमुन्याचा चौकोन भिंतीवर आहेच.